प्रवेशाची अट : मॅट्रिकपासून ‘नीट’पर्यंत

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात इमारतींची उभारणी, मुख्याध्यापकांची कारकीर्द, निकालांच्या टक्केवाऱ्या आणि गाजलेली स्नेहसंमेलने यांची नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु प्रत्येक शाळेला आणखी एक इतिहास असतो आणि तो तिच्या फाटकाबाहेर घडतो. शाळा सोडल्याचा दाखला हाती घेऊन विद्यार्थी महाविद्यालयाच्या दाराशी गेला तेव्हा त्याला तेथे काय विचारले गेले, कोणत्या अटींवर आत घेतले गेले आणि कोणत्या कारणाने परत पाठवले गेले, याचा तो इतिहास होय. मराठी माध्यमाच्या शाळेला हा इतिहास विशेष जवळचा आहे. आपल्या मुलाला मराठी शाळेत घालावे की नाही, असा विचार करणाऱ्या आजच्या पालकाच्या मनातील मुख्य शंका हीच असते : पुढे प्रवेशाच्या वेळी याचे अडणार तर नाही?

या शंकेला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव काय सांगतो ते पाहिले पाहिजे. त्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. महाविद्यालयाच्या दारावर नेहमीच दोन प्रकारच्या अटी असतात. एक, माहितीपत्रकात छापलेली : वय, गुण, विषय, परीक्षा. दुसरी, कोठेही न छापलेली : भाषा, गाव, जात, घरची स्थिती. छापलेली अट आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण केली आहे. अडले ते बहुधा न छापलेल्या अटीपाशी. आणि ती अट जेथे जेथे सैल झाली, तेथे एकट्या विद्यार्थ्याच्या हुशारीने नव्हे, तर कोणीतरी मध्ये पूल बांधल्यामुळे झाली.

मॅट्रिकचा उंबरठा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. कलकत्त्यास तिला ‘एंट्रन्स’ म्हणत. मुंबईस ती ‘मॅट्रिक्युलेशन’ या नावाने रूढ झाली आणि मराठी घरांत तिची ‘मॅट्रिक’ झाली. पुढे मॅट्रिक ही शालेय शिक्षणाची अखेर मानली गेली. परंतु मुळात ती शाळेची परीक्षा नव्हतीच. विद्यापीठाने आपल्या दाराशी बसवलेली ती चाळणी होती. चाळणी किती बारीक होती याची कल्पना पहिल्या निकालावरून येते. शंभराहून अधिक उमेदवारांपैकी उत्तीर्ण झालेल्यांची संख्या दोन डझनांपर्यंतही पोहोचली नाही. त्या थोड्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होते. त्यांच्या जोडीला बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

मॅट्रिकची मुख्य अट इंग्रजी होती. दुसरी भाषा म्हणून मराठी घेण्याची सोय आरंभी होती. परंतु १८६० च्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा मागे पडल्या आणि संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना त्यांची जागा मिळाली. याचा परिणाम शाळांवर ताबडतोब झाला. पुढे महाविद्यालयात जे चालणार नाही ते शाळेत कोण घेईल? मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा हुशारीचा सर्वमान्य मानदंड ठरला. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये पहिले आलेले चिंतामणराव देशमुख, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ते या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. मराठीत उत्तम असण्याला असा मान नव्हता. वरच्या दाराची अट खालच्या वर्गातील अभ्यास ठरवते, हा नियम तेव्हापासूनचा आहे आणि आजही तो तसाच चालतो.

याच अटीविरुद्ध रानडे दीर्घकाळ झगडले. ते स्वतः त्या चाळणीतून प्रथम वर्गाने पार पडलेले. त्यांना वैयक्तिक तक्रार अशी काही नव्हती. तरीही देशी भाषांना विद्यापीठात परत स्थान मिळावे यासाठी ते सिनेटमध्ये वर्षानुवर्षे प्रयत्न करीत राहिले आणि आयुष्याच्या अगदी अखेरीस एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव करून घेण्यात त्यांना यश आले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. आज मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित ठाऊकही नसेल की त्याचा विषय विद्यापीठात आपोआप आलेला नाही. जो आत पोहोचला होता त्याने मागच्यांसाठी दार उघडून धरले, म्हणून तो आला.

अटीपुढे उभी राहिलेली माणसे

नियमांचा इतिहास कोरडा वाटतो. त्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिले की तो समजतो. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग नोंदवला आहे. कोकणातील मुरूडहून ते आणि त्यांचे सोबती सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती. कर्व्यांनी ती पूर्ण केली होती. परंतु अंगाने ते किरकोळ होते. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून परीक्षकांनी त्यांना परत पाठवले. पुढच्या खेपेस कोल्हापुरात ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८१ मध्ये मॅट्रिक झाले, १८८४ मध्ये बी. ए. झाले. येथे छापलेली अट पूर्ण होती. आड आले ते परीक्षकाच्या डोळ्यांना दिसलेले वय.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या आनंदीबाई जोशी यांच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. रेचेल बॉडली अधिष्ठाता असलेल्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला त्यांनी प्रवेशासाठी जे पत्र लिहिले ते प्रवेश-अर्जांच्या इतिहासात ठेवण्यासारखे आहे. आपण काय शिकलो हे त्यांनी त्यात सांगितले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हेही लपवले नाही. आणि आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून आपली परिस्थिती अपवादात्मक मानावी, अशी विनंती केली. महाविद्यालयाने ती मान्य केली, आर्थिक साह्यही दिले. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली. कागदावरची अट अपुरी असताना माणसाची तयारी ओळखणारी अधिष्ठाता त्यांना भेटली. साताऱ्यास कर्व्यांना तसा परीक्षक भेटला नव्हता.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. शाळेत त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला संस्कृत शिकवण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विद्यापीठाच्या नियमावलीत हा विद्यार्थी संस्कृत घेऊ शकत नाही असे कोठेही लिहिलेले नव्हते. ती अट वर्गाच्या दारात, तोंडी घातलेली होती. मॅट्रिकनंतरही फीचा प्रश्न उरलाच. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे पुढचे शिक्षण शक्य झाले. याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना येता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. प्रवेशाची अट घड्याळातही लपलेली असते, हे ज्याने सोसले होते त्यालाच सुचले.

स्वतःचे दार

परक्या दाराची अट पुरी करण्याऐवजी आपलेच दार का बांधू नये, हा प्रश्न स्वाभाविक होता. तो प्रयोगही महाराष्ट्रात झाला, आणि त्यातील यशापयश दोन्ही आपल्याला उपयोगाचे आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून प्रेरित झालेल्या कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगणे येथे भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी हा विषय आवश्यक, पण माध्यम नव्हे. आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा स्वतःची. पहिल्या तुकडीतील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पदवीचे नाव होते ‘गृहीतागमा’. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. आज आपण ते एस. एन. डी. टी. म्हणून ओळखतो.

मराठीतून उच्च शिक्षण घेता येते, हे या विद्यापीठाने सिद्ध केले. परंतु गृहीतागमा झालेल्या स्त्रीपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. तिची पदवी इतरत्र कितपत मानली जाणार? विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. मधल्या काळात तेथे शिकलेल्या मुलींनी ज्ञान मिळवले. पण पुढच्या दारांशी त्यांना पुन्हा ओळख पटवून द्यावी लागली. आपल्या भाषेचे दार बांधणे आवश्यक आहे, पण त्या दारातून बाहेर पडणाऱ्या वाटा पुढच्या दारांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, हा त्या अनुभवाचा अर्थ.

भाषेची अट केवळ इंग्रजीच घालते असेही नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग म्हणून नावाजला गेला, आणि तो मोठा होताच. पण ती देशी भाषा उर्दू होती. मराठवाड्यातील मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी उर्दूतून तयारी करावी लागे. एकाची मातृभाषा माध्यम झाली की ती दुसऱ्याची अट होऊ शकते. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आल्यावर तेथील कोंडी फुटू लागली.

शाळेची साठ वर्षे

आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या तोवर मॅट्रिक हे नाव केवळ बोलण्यात उरले होते. मुंबई राज्यात १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली होती आणि १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्र राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. परीक्षा विद्यापीठाच्या हातून मंडळाच्या हाती गेली, हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. आता शाळेची परीक्षा शाळेसाठी असू शकत होती आणि ती मराठीतून देता येत होती. परंतु महाविद्यालयाचे दार त्याच ठिकाणी राहिले. कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा हळूहळू विद्यापीठांनी दिली; विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी इंग्रजीतच राहिली.

जुन्या तुकड्यांना अकरावीची एस. एस. सी. आठवत असेल. कोठारी आयोगाच्या शिफारशींतून आलेला दहा-अधिक-दोनचा आकृतिबंध महाराष्ट्रात लागू झाला आणि १९७५ मध्ये जुनी अकरावी व नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या परीक्षेस बसल्या. त्यामुळे शाळेतून बाहेर पडण्याचे वय एका वर्षाने कमी झाले आणि मराठीतून इंग्रजीत जाण्याची घडी एक वर्ष आधी आली. हा तपशील फारसा कोणी मोजला नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मार्चमध्ये ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘संयुजा’, ‘ऊती’, ‘प्रकाशसंश्लेषण’ असे शब्द लिहून उत्तम गुण मिळवी आणि पावसाळ्यात अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसला की तेच ज्ञान त्याला अनोळखी वाटे. त्याला विषय येत होता. विषयाचे नाव बदलले होते. पहिल्या सहामाहीत गुण घसरत आणि मुलाला वाटे, आपणच कमी पडलो. माहितीपत्रकात ही अट छापलेली नव्हती. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नव्हती.

तरीही या काळात मराठी माध्यमातील असंख्य मुले डॉक्टर आणि अभियंते झाली, हे विसरता कामा नये. बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे तेव्हा लातूरने जो मार्ग घालून दिला तो ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखला गेला. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतील शिक्षकांनी सुटीतही वर्ग घेतले आणि प्रश्नपत्रिकांचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला. त्यात पाठांतराचा अतिरेक होता अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते, त्याला अट आणि तयारी यांमधले अंतर कोणीतरी पावलापावलाने मोजून दिले. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली तेव्हा जागा वाढल्या. पण गुणांच्या जोडीला शुल्काची अट आली.

१९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. अनेक मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग काढले. ‘नीट’ ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द ठरली आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू झाली. आता बारावीच्या गुणांचा उपयोग एका किमान मर्यादेपुरता राहिला : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. खरी निवड ७२० गुणांच्या परीक्षेवर. वयाची किमान अट आजही सतराच आहे; फरक इतकाच की आता ती जन्मदाखल्यावरून ठरते, चेहऱ्यावरून नव्हे.

२०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका दहा भाषांत निघू लागली आणि त्यांत मराठी होती. ही मोठी गोष्ट होती. पण नियमावलीत पुढे एक वाक्य असते : अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जाईल. म्हणजे मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलालाही इंग्रजी मजकुरावर नजर ठेवावीच लागते. तमिळनाडूत नीटनंतर तमिळ माध्यमातील विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश घटल्याचे तेथील शासनाने नेमलेल्या ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये नोंदवले. त्याआधीच, २०२० मध्ये, त्या राज्याने शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय जागांत ७.५ टक्के आरक्षण ठेवले होते. हा उपाय योग्य की अयोग्य याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु न छापलेली अट आधी मोजावी लागते आणि मगच तिच्यावर उपाय करता येतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

महाराष्ट्राबाहेरचे दार

या शाळेचे अनेक विद्यार्थी आज महाराष्ट्राबाहेर राहतात. हा मजकूर मी जयपूरच्या राजा पार्क भागातून लिहीत आहे, म्हणून तेथून हा प्रश्न कसा दिसतो तेही नोंदवतो. राजा पार्क आणि त्याला लागून असलेले आदर्शनगर हा फाळणीनंतर पंजाब व सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला भाग. जवळच टिळकनगर आहे, हे नाव मराठी माणसाला सुखावते. थोड्याच अंतरावर राजस्थान विद्यापीठ, सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. महाविद्यालयाच्या दारांची अशी दाटी क्वचित पाहायला मिळते. आणि त्या दारांचा इतिहासही आपल्याच इतिहासासारखा आहे. १८४४ मध्ये स्थापन झालेले जयपूरचे महाराजा महाविद्यालय आरंभी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांसाठी मुले तयार करी. पुढे ते अलाहाबाद व आग्र्याशी जोडले गेले. जयपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते ८ जानेवारी १९४७ रोजी. शंभर वर्षे येथील मुलांची अट दूरच्या शहरात ठरत होती.

सैन्यातील, केंद्रीय सेवेतील, बँकांतील बदल्यांमुळे आणि सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायामुळे मराठी कुटुंबे देशभर पसरली आहेत. सांगली जिल्ह्यातील गलाई व्यावसायिक तर देशातील सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा घरातील मूल मराठी शाळेतून मध्येच हिंदी शाळेत जाते तेव्हा पालकांना वाटते, लिपी तीच, शब्दही बहुतेक तेच, अडचण कसली? परंतु विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात अडचण येते. मराठीत ‘अणू’ म्हणजे पदार्थाचा मूलकण आणि असे अणू एकत्र येऊन ‘रेणू’ होतो. हिंदीत त्या मूलकणाला ‘परमाणु’ म्हणतात आणि आपल्या रेणूला ‘अणु’. शब्द तोच, अर्थ एक पायरी वर सरकलेला. परक्या शब्दापेक्षा असा ओळखीचा शब्द अधिक फसवतो.

दुसरी अडचण रहिवासाची. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशातील सरसकट प्रादेशिक राखणीला मर्यादा घातली आणि पुढे शासकीय महाविद्यालयांतील एम. बी. बी. एस. च्या १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेसाठी खुल्या झाल्या. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्यांच्या आहेत आणि त्यांच्या अटी प्रत्येक राज्य ठरवते. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून असणे आवश्यक असते. ठरावीक शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सवलती आहेत. म्हणजे राजा पार्कमध्ये बारावी झालेल्या मराठी मुलाला घरी मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्रात जागा मिळत नाही, आणि राजस्थानच्या कोट्यासाठी तेथील अधिवासाचे कागद लागतात. शिवाय नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. जयपूरच्या केंद्रावर ती मिळत नाही. या अटी छापलेल्याच आहेत. परंतु त्या वाचायच्या असतात मूल आठवीत असताना, आणि बहुतेक पालक वाचतात ते बारावीच्या निकालानंतर.

पुढील वाटेसाठी

मग पालकाच्या शंकेचे उत्तर काय? मराठी माध्यमामुळे प्रवेश अडत नाही, असे सरळ सांगणे अर्धसत्य होईल. आणि मराठी माध्यमामुळे प्रवेश अडतो, असे म्हणणे रानड्यांपासून लातूरपर्यंतच्या पुराव्याशी विसंगत होईल. मातृभाषेतून विषय पक्का झालेला मुलगा अट पूर्ण करू शकतो. त्याला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याचा रस्ता मात्र कोणीतरी दाखवावा लागतो. तो रस्ता त्याने पहिल्या सहामाहीत एकट्याने, गुण गमावून शोधावा, अशी अपेक्षा आजवर आपण ठेवत आलो. ती सोडून दिली पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी शाळेच्या आवाक्यातील आहेत. पहिली : आठवीपासून विज्ञान व गणिताच्या वहीत प्रत्येक पारिभाषिक शब्दाची जोडी लिहून घेणे, मराठी आणि इंग्रजी. मराठी शब्द अर्थ समजण्यासाठी, इंग्रजी शब्द पुढच्या वर्गात ओळख पटण्यासाठी. दुसरी : प्रवेशाच्या नियमांची एक फाईल शाळेच्या ग्रंथालयात ठेवणे. दरवर्षीची माहितीपत्रके, वयाच्या, विषयांच्या व अधिवासाच्या अटी, अर्जांच्या तारखा त्यात असाव्यात. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर कोणी विसंबू नये. वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या राज्याचे नियम पाठवावेत. जयपूरचे पाठवण्याची जबाबदारी मी घेतो. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : दहावीची परीक्षा आणि अकरावीचा पहिला दिवस यांमधील काही आठवड्यांत एक जोडवर्ग. त्यात नवे काहीही शिकवायचे नाही. दहावीत मराठीतून शिकलेलाच भाग इंग्रजी शब्दांत पुन्हा पाहायचा, इंग्रजीतील प्रश्न वाचायची आणि इंग्रजीत चार ओळींचे उत्तर लिहायची सवय करायची.

या वर्गासाठी शासनाच्या परवानगीची किंवा मोठ्या देणगीची वाट पाहण्याची गरज नाही. उन्हाळ्यात शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात. गावात आणि जवळपास राहणारे डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झालेले आपले माजी विद्यार्थी हा रस्ता स्वतः चालून गेले आहेत. कोठे ठेच लागते हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक आहे. प्रत्येकाने आठवड्यातून दोन तास दिले तरी वर्ग चालेल. हीरक महोत्सवानिमित्त जमणाऱ्या निधीचा थोडा भाग वह्या, छपाई आणि बाहेरगावच्या मुलांच्या प्रवासखर्चासाठी ठेवावा, आणि येत्या मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर होईल त्यानंतरच्या सोमवारी या वर्गाचा पहिला तास व्हावा, अशी सूचना मी माजी विद्यार्थी संघापुढे मांडतो.